उदासीची संदर्भसूची

पुण्याच्या माझ्या भाचीला उदास गाणी लागतात. साधी उदास नव्हेत, 'इमो'. वॉशिंग्टनमधल्या काही पोरांनी पंकचा आरडाओरडा तसाच ठेवून त्यात मनातली रड ओतली. त्यांतला 'राइट्स ऑफ स्प्रिंग' हा आद्य बँड, १९८५ साली त्यांचा एकुलता एक अल्बम आला, आणि 'इमो' हे बिरुद त्या पोरांना स्वतःला मुळीच आवडत नसे, एवढं ज्ञान तिने मला फोनवर दिलं. मी ते नवं नवं असतानाच आमच्या घरमालकांना, म्हणजे दादांना, ऐकवलं. कलकत्त्यात राहायचं तर एक गोष्ट मान्य करावी लागते: जगात जे काही घडतं, ते इथे आधीच घडून गेलेलं असतं. दादांनी चहाचा कप खाली ठेवला. "पंच्याऐंशी?" ते म्हणाले, "आमचे घोडे सत्त्याहत्तरचे."

घोडे म्हणजे 'महीनेर घोडागुली' हा इथला बंगाली रॉक बँड. जीवनानंद दासांच्या एका कवितेत कुणा महीनचे घोडे कार्तिकाच्या चांदण्यात चरतात, तिथून हे नाव उचललेलं. वॉशिंग्टनच्या पोरांनी स्ट्राविन्स्कीकडून घेतलं, यांनी जीवनानंदांकडून. दुःख स्वतःचं असलं तरी नाव उसनंच आणायची पद्धत दिसते. पण हे नाव सुचण्याआधी बँड काही काळ 'गौतम चट्टोपाध्याय बीएस्सी ओ संप्रदाय' होता. मला विचाराल तर हेच ठेवायला हवं होतं. रॉक वाजवणाऱ्याने पदवी लावावी, म्हणजे मुलीच्या बापालाही बोलायला जागा उरत नाही.

गाण्याबजावण्यात 'अंडरग्राउंड' हा शब्द आपण फार सैल वापरतो. चार लोकांनी ऐकलं नाही की झाला बँड अंडरग्राउंड. गौतमबाबूंचं तसं नव्हतं. नक्षल चळवळ, तुरुंग, मग बंगालबाहेर भोपाळला औषध कंपनीचे एमआर, असा फेरा घालून ते नाकतल्याच्या घरी परतले आणि भाऊ, नात्यातले, मित्र असे मिळून सात जण जमले. (नाकतल्याच्या मेट्रो स्टेशनचं नाव आता 'गीतांजली' आहे. घोडे ज्या वस्तीचे, तिथली पाटी गुरुदेवांची. कलकत्त्यात याला इलाज नाही.)

त्यांच्या तीन तबकड्या आल्या, १९७७, ७८ आणि ७९ साली. सगळी मिळून गाणी आठ. पहिलीचं नाव 'संविग्न पाखिकुल ओ कोलकाता विषयक'. यावर विद्यापीठाने पीएचडी द्यायला हरकत नव्हती. दुसरीचं 'अजाना उडंतो बस्तु', म्हणजे आकाशातली ती अनोळखी उडती वस्तू. ज्या शहरात संध्याकाळी दिवे जायचे, तिथे इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभं राहणारी ही माणसं. खप व्हायचा तेवढाच झाला. ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांतल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. आज मात्र साठी ओलांडलेला जो भेटेल तो सांगतो, मी पहिल्या कार्यक्रमाला होतो. दादाही होते. दादांचे तीन मित्रही होते. एवढी माणसं तेव्हा खरंच असती तर बँड १९८१च्या सुमाराला थंडावला कशाला असता?

दादांच्या फोनवर त्या जुन्या तबकडीवरून उतरवलेलं 'हाय भालोबाशी' आहे. आधी सुईची खरखर, मग गिटार, मग आवाज. फार घोटलेले नाहीत. गच्चीवर मित्र जमल्यावर जसे एकमेकांच्या गळ्यात गळा घालून गातात तसे. चाल ऐकताना एका कानाला डिलन लागतो, दुसऱ्याला बाउल. आणि गाणं काय, तर आवडीनिवडींची यादी! पिकासो आवडतो, बुन्युएल, दान्ते, बीटल्स, डिलन, बेथोवन आवडतात. रविशंकर आणि अली अकबर ऐकून पहाटेच्या धुक्यात घरी परतायला आवडतं. एवढं सगळं आवडूनही काहीच का आवडत नाही, असा शेवटी प्रश्न. उदास व्हायचं झालं तरी आधी संदर्भसूची जोडणारा माणूस बंगालीच असणार, असं म्हणून पहिल्यांदा मी हसलो होतो.

पण त्या गाण्यात गोम आहे. आपल्या भावगीतात दुःखाला बहुधा कारण असतं: कुणी गेलेलं असतं, कुणी यायचं राहिलेलं असतं, नाहीतर निदान पाऊस तरी लागलेला असतो. इथे कुणी गेलेलं नाही. पंचविशी-तिशीतला माणूस, डोक्यात अख्खं जग, खिशात फारसं काही नाही, आणि मन लागत नाही, बस. हे सांगायला त्याने ना छाती पिटली, ना सूर लांबवला. भाचीचा वॉशिंग्टनचा गायक मात्र घसा फुटेस्तोवर ओरडतो. दोघांची तक्रार एकच असावी; याला फक्त शेजाऱ्यांची थोडी लाज होती.

१९९५ साली गौतमबाबूंनी नव्या पोरांना घेऊन कॅसेट काढली, 'आबार बछोर कुडी परे'. आली ती पुस्तकमेळ्यात, आणि वर 'संपादित' असा शिक्का, दिवाळी अंकासारखा. कॅसेट पुस्तकांच्या स्टॉलवर विकायची, हेही इथेच सुचतं. या खेपेला लोकांनी उचलून धरलं. १९९९ साली गौतमबाबू गेले.

त्या कॅसेटवरच्या एका गाण्यात तक्रार अशी, की जग आक्रसत आक्रसत दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या खोक्यात कोंडलं गेलंय. २००६ साली ती चाल 'गँगस्टर' सिनेमात 'भीगी भीगी' होऊन आली आणि दिवसरात्र त्याच खोक्यातून वाजत राहिली. आमच्या ऑफिसातल्या नागपूरच्या पोराला मी परवा मूळ गाणं ऐकवलं. मन लावून ऐकून तो म्हणाला, "सर, 'भीगी भीगी' ढापलंय की यांनी." दादांच्या कानावर हे मी घातलेलं नाही. पुढच्या महिन्यात भाडेकरार संपतोय.