विजेत्याच्या मागे तीनशे सायकली

सायकल शर्यत हा सार्वजनिक रस्त्यावरचा खेळ आहे, आणि त्यातल्या बऱ्याचशा विनोदाचे मूळ तिथेच आहे. वानखेडेवर सराव चालू असताना एखादा हौशी माणूस पॅड बांधून खेळपट्टीकडे निघाला, तर दोन सुरक्षारक्षक त्याला दंडाला धरून बाहेर आणतात. ‘टूर द फ्रान्स’मध्ये उतरणारा शर्यतपटू मात्र ज्या रस्त्यावर सराव करतो, त्याच रस्त्याने पाववाल्याची गाडी जाते, ट्रॅक्टर जातो आणि बायकोला ‘तासाभरात येतो’ असे सांगून निघालेला बँकेतला अधिकारीही जातो. स्पेनमधल्या काल्पेजवळचा कोल द रातेस, मायोर्का बेटावरचा २६ वळणांचा सा कालोब्रा आणि जिरोनाच्या आसपासच्या टेकड्या ही अशा गाठीभेटींची प्रसिद्ध ठिकाणे. हिवाळ्यात तिथे व्यावसायिक संघ सरावाला उतरतात. मागून साखळ्यांचा बारीक आवाज येतो, एकसारख्या रंगाचे दहा-बारा जर्सीवाले गप्पा मारत शेजारून निघून जातात आणि चढ पुन्हा मोकळा होतो. भेट संपते ती पाच-सहा सेकंदांत. तिचे वर्णन त्या रात्री जेवण संपले तरी संपत नाही.

भेटीची सहल व्हायची असेल, तर विजेत्याने वेग कमी केला पाहिजे. पगारी शर्यतपटू ते सहसा करत नाही. ऑगस्ट २००९ मध्ये मात्र लान्स आर्मस्ट्राँगने ते आपण होऊन केले.

तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. १९९६ मध्ये कर्करोगाचे निदान, मग १९९९ ते २००५ अशी ओळीने सात वर्षे ‘टूर’चे विजेतेपद, मग निवृत्ती, आणि २००९ च्या जानेवारीत पुनरागमन, असा त्याचा लौकिक होता. त्या जुलैत तो ‘टूर’मध्ये तिसरा आला होता आणि ऑगस्टमध्ये आयर्लंडमधल्या शर्यतीसाठी त्या बाजूला आला होता. ट्विटर नवे होते, १४० अक्षरांत सारे उरकावे लागे आणि त्याच्या मागे दहा लाखांहून अधिक वाचक होते. १७ ऑगस्टला, सोमवारी, त्याने लिहिले की उद्या ग्लासगोच्या बाजूला येतो आहे, सायकल चालवायला कोण येणार? पाठोपाठ जागा आणि वेळही कळवली: पेझली गावातल्या एका हॉटेलाबाहेर, मंगळवारी दुपारी. नोकरदार माणसाला अडचणीत टाकण्यासाठी यापेक्षा चांगली वेळ शोधून सापडली नसती. त्या दिवशी स्कॉटलंडच्या पश्चिम भागात किती जणांच्या दाढा अचानक दुखू लागल्या याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

पेझली हे ग्लासगोच्या पश्चिमेला, विमानतळाच्या कुशीत वसलेले विणकरांचे जुने गाव. काश्मिरी शालींवरची कोयरी एकोणिसाव्या शतकात इथल्या मागांवर इतकी विणली गेली की आपल्या पैठणीच्या पदरावरही शोभणारी ती आकृती इंग्रजी जगात या गावाच्या नावावर जमा झाली. दुसऱ्याची वस्तू आपल्या नावे करण्याची अशी परंपरा असलेल्या गावी आर्मस्ट्राँगने यावे, याची गंमत पुढे तीन वर्षांनी जास्त कळली.

डझनभर माणसे येतील असा त्याचा अंदाज होता. आली दोन-तीनशे. अशा गर्दीत सायकलींचा जो नमुना जमतो तो अभ्यासण्याजोगा असतो. हजारो पौंडांची कार्बनची सायकल असते आणि तिच्यावर तिच्यापेक्षा दहापट जड असा मालक असतो. मडगार्ड, घंटी आणि सामानाची टोपली असलेली सायकलही असते. तिचा मालक खरे तर किराणा आणायला निघालेला असतो. काही जण विजेत्याच्या संघाची हुबेहूब जर्सी घालून येतात. खेळाडूच्या अंगावर ती जाहिरात असते, त्यांच्या अंगावर ती पोटाच्या घेराचे मोजमाप होते. शिवाय स्कॉटलंडचा ऑगस्ट असल्याने प्रत्येकाच्या पाठीच्या खिशात रेनकोटाची गुंडाळी असतेच.

समूहात सायकल चालवण्याचे शास्त्र हौशी माणसाच्या बाजूचे आहे, निदान कागदावर तरी. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्या चाकाला चिकटून राहिले तर त्यातली बरीच वाचते. नेदरलँड्समधले आइंडहोवनचे संशोधक बेर्ट ब्लोकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या दाट घोळक्याचा अभ्यास केला, तेव्हा आतल्या-मागच्या जागांवर हवेचा विरोध एकट्याने जाताना होतो त्याच्या पाच ते दहा टक्क्यांवर आलेला आढळला. म्हणजे घोळका ताशी पन्नासच्या पुढे पळत असला, तरी आतल्या माणसाला ताशी १५ किलोमीटरने बाजारात निघाल्याइतकाच वारा सोसावा लागतो.

हा लाभ मिळायला पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर राहावे लागते आणि ब्रेकला हात लावायचा नसतो. हौशी माणूस या दोन अटींपाशी अडतो. पुढचे चाक जवळ आले की त्याची बोटे आपोआप आवळतात. त्याने ब्रेक दाबला की मागचा जास्त जोरात दाबतो, त्याच्या मागचा ओरडतो, आणि ही लाट शेपटापर्यंत पोचेतो तिथले लोक पाय टेकून उभे राहिलेले असतात. मग पुढे पडलेली फट भरून काढायला सर्वांनी जीव खाऊन पॅडल मारायचे, आणि फट भरते न भरते तोच पुढे पुन्हा कोणीतरी ब्रेक दाबतो. त्यामुळे अशा सहलीत सर्वांत कमी कष्ट विजेत्याला पडतात आणि सर्वांत जास्त कष्ट शेवटच्या, टोपलीवाल्या सायकलला. सिग्नल पिवळा असताना आर्मस्ट्राँग निघून जातो. तो लाल झाल्यावर जे अडकतात, त्यांच्यापुरती सहल तिथेच संपून वेगळी सहल सुरू होते. तिच्यात रस्ता कोणालाच माहीत नसतो.

अशा घोळक्यात जागेला विलक्षण मोल येते. विजेत्याच्या शेजारची जागा ही लग्नातल्या पहिल्या पंगतीसारखी: मिळाली की उठवत नाही आणि उठायला सांगितलेले ऐकू येत नाही. तिथे पोचलेला माणूस आधी आपण योगायोगाने इथे आलो असा चेहरा करतो. मग एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने खिशातला फोन काढतो, आणि या क्षणी आजूबाजूच्या पंधरा-वीस जणांचे आयुष्य त्या एका हातावर अवलंबून असते. मागची रांग त्याला मनातल्या मनात शिव्या देते आणि आपापले फोन चाचपते.

संभाषणाची अडचण निराळी आहे. अव्वल शर्यतपटू चढावर तासभर वजनाच्या दर किलोमागे सहा वॅटच्या आसपास ताकद लावू शकतो. नेमाने सायकल चालवणाऱ्या सुदृढ हौशी माणसाची मजल तीनच्या आगेमागे संपते. म्हणजे जो वेग विजेत्याच्या दृष्टीने जेवणानंतरची शतपावली, तोच वेग शेजाऱ्याच्या आयुष्यातला कडेलोट असतो. विजेता पूर्ण वाक्ये बोलतो, प्रश्न विचारतो, हवेची तारीफ करतो. उत्तर द्यायला शेजाऱ्याकडे हवा नसते. रात्रभर घोकलेला प्रश्न, म्हणजे १९९९ च्या अमुक घाटात तुम्ही नेमका कोणता गिअर वापरला होता, हा ‘एकोणीसशे’पाशी तुटतो. मान डोलावणे आणि हसणे एवढेच साधते, आणि छायाचित्रात ते हसू वेदनेसारखे दिसते. पेझलीच्या दक्षिणेला ग्लेनिफर ब्रेज नावाच्या टेकड्या आहेत. अशा टेकडीला घोळका लागला की हवेचे शास्त्र संपते, गुरुत्वाकर्षणाचे सुरू होते, आणि तिथे कोणाच्या मागे लपून भागत नाही.

याच चढावर एक जात हमखास उगवते: विजेत्याला मागे टाकणारा. तो खाली दोन किलोमीटर दम राखून ठेवतो, मग सीटवरून उठून एकदम पुढे झेप घेतो आणि साधारण दोनशे मीटर जगज्जेत्याच्या पुढे असतो. विजेत्याने आपला वेग बदललेला नसतो. बहुधा त्याने पाहिलेलेही नसते. दोनशे मीटरनंतर तो वीर गवतावर बसलेला आढळतो. पण घटना घडून गेलेली असते आणि तिला साक्षीदार असतात.

आयर्लंडमध्ये हेच नाटक मोठ्या रंगमंचावर झाले. त्याच आठवड्याच्या शेवटी, २१ ते २३ ऑगस्टला, तिथली तीन दिवसांची ‘टूर ऑफ आयर्लंड’ झाली. ती ब्रिटनच्या रसेल डाउनिंगने जिंकली. आर्मस्ट्राँगने शेवटच्या दिवशी कॉर्क शहरात शर्यत सोडली. तिथली सेंट पॅट्रिक्स हिल ही शिडीला डांबर फासल्यासारखी चढण आहे आणि त्या दिवशी पाऊस होता, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोन दिवसांनी त्याने डब्लिनकरांना फिनिक्स पार्कमध्ये बोलावले, आणि या वेळी हजारभर सायकली आल्या. हे उद्यान सातशे हेक्टरांहून मोठे आहे. आत राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान आहे, १८३१ मध्ये उघडलेले प्राणिसंग्रहालय आहे आणि सतराव्या शतकापासून मोकळे फिरणारे हरणांचे कळप आहेत. सरळ, रुंद रस्ता आणि नगण्य चढ यांमुळे हौशी मंडळींच्या दृष्टीने जागा आदर्श. पण हजार माणसांत विजेता एकच असल्याने, बहुसंख्यांच्या वाट्याला त्याचे दर्शन आले नाही तर नवल नव्हते. ज्यांना दूरवर एक हेल्मेट दिसले त्यांनी ते त्याचेच असे ठरवून टाकले असणार. कॉर्कच्या चढणीवर ज्याने शर्यत सोडली त्याच्यासोबत टिकून राहिल्याचा आनंद मात्र अस्सल होता.

मग २०१२ आले. अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने पुरावे मांडले, ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने निर्णय उचलून धरला आणि १ ऑगस्ट १९९८ पासूनचे आर्मस्ट्राँगचे सगळे निकाल रद्द झाले. सात विजेतेपदे गेली. ती दुसऱ्या कोणाला दिली गेली नाहीत. २००९ चे तिसरे स्थानही गेले आणि ते ब्रॅडली विगिन्सकडे आले. जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विनफ्रीसमोर त्याने उत्तेजके घेतल्याची कबुली दिली. ‘टूर ऑफ आयर्लंड’च्या अंतिम यादीतून मात्र त्याला खोडायची वेळच आली नाही, कारण ती शर्यत त्याने पूर्णच केली नव्हती.

या निकालाने हौशी मंडळींपुढे अवघड प्रश्न उभा केला. दिवाणखान्यात चौकटीत लावलेल्या छायाचित्राचे काय करायचे? काहींना ते माळ्यावर टाकणे सोपे वाटले असेल. ज्यांनी ते भिंतीवर ठेवले, त्यांना प्रत्येक पाहुण्याला नवे प्रास्ताविक द्यावे लागे: आपण फसलो नव्हतो, आपल्याला तेव्हाच शंका आली होती, म्हणूनच तर चेहरा असा आला आहे. दोनशे मीटर पुढे गेलेल्या वीराची बाजू सर्वांत भक्कम राहिली. पेझलीच्या सहलीचा निकाल कोणी लावलाच नव्हता, त्यामुळे तो रद्दही होत नव्हता. उलट प्रतिस्पर्ध्याने उत्तेजक घेतले होते हे आता अधिकृत झाल्याने त्या दोनशे मीटरांचे वजन वाढलेच.

डिसेंबर २०१६ मध्ये आर्मस्ट्राँग न्यूझीलंडमध्ये होता. त्याने पुन्हा तसाच निरोप धाडला आणि ऑकलंडच्या टामाकी ड्राइव्हवर शेकडो सायकली जमल्या. समुद्राला लागून जाणारा हा रस्ता जवळपास सपाट आहे, तेव्हा गवतावर बसणाऱ्यांचे प्रमाण कमीच असावे. त्याच्यावर आजन्म बंदी आहे, पण ती अधिकृत स्पर्धांपुरती; सकाळच्या वाहतुकीला ती लागू होत नाही. न्यूझीलंडमध्ये सायकलस्वाराला लागू होतो तो हेल्मेटचा नियम. १९९४ पासून तिथे हेल्मेट सक्तीचे आहे, विजेत्याला आणि टोपलीवाल्यालाही.