फायलीवहिनी

न्यू जर्सीत एडिसनला कुणाकडे संक्रांतीचं हळदीकुंकू असलं, की वाण लुटून झाल्यावर बायकांचा घोळका ज्यांच्याभोवती जमतो त्या फायलीवहिनी. तिळगूळ तोंडात असतानाच त्या नवख्या मुलीला विचारतात, "तुमची पीडी काय?" पीडी म्हणजे प्रायॉरिटी डेट, ग्रीन कार्डाच्या रांगेतली आपली जागा. लोकांच्या मुलांची नावं वहिनींच्या लक्षात राहत नाहीत, पीडी मात्र दिवस-महिन्यासकट पाठ. "म्हणजे त्या ईबी-टूवाल्या, मार्च चौदाच्या का?" अशी त्या माणसं ओळखतात. (ईबी-टू हा नोकरीवरच्या ग्रीन कार्डाचा एक वर्ग.)

वहिनी मुळात एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. नवऱ्याच्या एच-वन या नोकरीच्या व्हिसामागोमाग एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर आल्या, तेव्हा एच-फोरला नोकरीची परवानगी नव्हती. (ती काही जणींना मिळाली 2015 साली.) एवढी बुद्धी घालायची कुठे? ती त्यांनी ग्रीन कार्डाच्या फायलीत घातली. रांगेच्या तारखा जाहीर करणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये 2007च्या जुलैसाठी जवळजवळ सगळ्यांच्याच तारखा एकदम खुल्या झाल्या आणि 2 तारखेला सरकारने दार पुन्हा लावून घेतलं. तेव्हा 'लगे रहो मुन्नाभाई' पाहून तयार झालेल्या देशी मंडळींनी इमिग्रेशनच्या प्रमुखांना फुलं पाठवली. त्यांत एक गुच्छ वहिनींचा. साहेबांनी फुलं लष्करी इस्पितळाकडे वळवली, पण 17 तारखेला दार उघडलं. गुच्छाची पावती वहिनींनी फायलीला लावून ठेवली आहे.

आता त्यांचं ग्रीन कार्ड जाऊन सिटिझनशिपही झाली, तरी फायल सुटलेली नाही. फक्त ती दुसऱ्यांची असते. प्रत्येक सल्ल्याआधी त्या "मी वकील नाही हं" म्हणतात आणि मग वकिलाने पाठवलेला कागद लाल पेनाने तपासायला घेतात.

त्यांचं खरं कसब दिसतं ते जन्मदाखल्यात. आपल्याकडे नोंद आधी होते आणि बारसं मागाहून, त्यामुळे दाखल्यात आईबापांची नावं असतात, बाळाचं नसतं. मग जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं लागतात. वहिनी थेट साताऱ्याला फोन लावतात.

"आत्या, हा झाला तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात ना?"

"होते की! शिऱ्याचा डबा घेऊन गेले होते. पाऊस असा…"

"शिरा नको, आत्या. तारीख सांगा."

नावांचा घोळ त्याहून मोठा. माहेरचं नाव, सासरचं नाव, मधलं नाव आधी वडिलांचं मग नवऱ्याचं, आणि वर तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं तिसरंच. फॉर्ममध्ये आजवर वापरलेली सगळी नावं मागतात. "ताटातलं बँकेत वापरलंत का? नाही? मग ते ताटातच राहू दे."

फोर-एटी-फाइव्ह या ग्रीन कार्डाच्या अर्जातले प्रश्न वाचून भल्याभल्यांना घाम फुटतो. नरसंहारात भाग घेतलात का? बहुपत्नीत्वाचा विचार आहे का? शस्त्रांचं प्रशिक्षण घेतलंत का? इथे वहिनी चष्म्यावरून बघतात. "कॉलेजात एनसीसीत होता ना? हो लिहा. खुलासा जोडा, कॅम्पात रायफल चालवली, नेम लागला नाही. शेवटचं लिहायची गरज नाही, पण खरं असेल तर लिहा."

मध्यंतरी एक तरुण आला. त्याची तारीख करंट व्हायला, म्हणजे रांगेत नंबर लागायला आलेली, लग्न वैशाखात ठरलेलं. वहिनींनी हातातला चहा खाली ठेवला.

"मी वकील नाही हं. पण कार्ड आधी मंजूर झालं आणि लग्न नंतर, तर तिची रांग वेगळी. लग्न आधी हवं. जानेवारीत रजिस्टर करून ये."

व्हिडिओ कॉलवर सांगलीहून त्याची आई होती. "अहो, पण पौष लागतो तेव्हा!"

"काकू, व्हिसा बुलेटिनला पौष नसतो. सह्या पौषात, अक्षता वैशाखात. रजिस्टर लग्नाला महिन्याची नोटीस लागते, तेव्हा अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे. साक्षीदार तीन."

काकू बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "भटजींना काय सांगू?"

"त्यांना वैशाखच सांगा."