पोटखराबावर औषध

सातबारा लिहिणाऱ्यांना विनोदबुद्धी असते, हे मला उशिरा कळलं. जिथे नांगर चालत नाही त्या जमिनीपुढे ते 'पोटखराब' असं लिहून मोकळे होतात. आता एकदा पोट खराब ठरलं की औषध आलं, औषध आलं की वैद्य आले, आणि आपल्याकडे वैद्य आले की मांडव, हार आणि पाण्याच्या बाटल्याही येतात.

सासवडच्या पुढे एका माळावर यंदा जुलैत असा उपचार झाला. मला बोलावणं होतं, कारण मी निसर्गप्रेमी असल्याचा त्या भागात गैरसमज आहे.

रोग्याची प्रकृती अशी. अर्धा माळ एका रस्त्याच्या कामाला मुरूम हवा म्हणून पुरुषभर खरवडून नेलेला. मातीचा थर गेला, वर उघडा दगड राहिला. जे काही उगवतं ते गाजरगवत. उरलेला अर्धा ठणठणीत. कुसळी, पवन्या, मारवेल, अधूनमधून बोरी, एखादा हिवर. चंडोल, टिटव्या, रात्री खोकड. आता 'नैसर्गिक अधिवासाची पुनर्स्थापना' करायची तर कुठे? शेंबडं पोरही खरवडलेल्या अर्ध्याकडे बोट दाखवील. म्हणूनच शेंबड्या पोरांना समितीवर घेत नाहीत. तिथे जेसीबीचे दात लागत नाहीत, मांडवाचा खांब रोवला जात नाही आणि फोटोत मागे गाजरगवत येतं. तेव्हा पाचशे खड्डे पडले ते ठणठणीत अर्ध्यात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण जुनी झाली. इथे पखालीला भोकंच पाडली.

पाहुण्यांनी देशी झाडांचं महत्त्व पंधरा मिनिटं सांगितलं आणि गुलमोहर लावला. गुलमोहराचं माहेर मादागास्कर. पाठोपाठ आला सुबाभूळ, मेक्सिकोचा. मग गिरिपुष्प, तोही तिकडचाच. हे गिरिपुष्प नाव किती सोज्ज्वळ! पण शास्त्रीय नावाचा अर्थ 'उंदीर मारणारा' असा, आणि आपल्याकडे त्याला उंदीरमारी म्हणतातच. खोकड आणि घुबडं ज्या उंदरांवर जगतात, त्यांच्याच घरात हा पाहुणा सन्मानाने नेऊन बसवायचा. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता. इथे नागोबाला बिळापर्यंत टेम्पोने आणला होता.

माळाकडे बघून आपल्या पोटात कालवतं, हा खरा पोटखराब. झाड नाही म्हणजे काहीच नाही. देशाचा पडीक जमिनींचा सरकारी नकाशासंग्रह निघतो, त्यातही झुडपी जमीन पडीकच. मग आकडे फुगतात. राज्यात 2017च्या पावसाळ्यात चार कोटी झाडांचं उद्दिष्ट, 2018ला तेरा, 2019ला तेहेतीस. एकूण 50 कोटी. गवताचं असं उद्दिष्ट ठरवता येत नाही. ते काडीने मोजायचं की पेंढीने, इथपासून अडतं. शिवाय गवताच्या काडीला नावाची पाटी टांगली की काडी वाकते.

माळढोकाला विचारा. 1979मध्ये त्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं. हा पक्षी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि मान उंच करून लांबचा शत्रू हेरतो. त्याच्या माळावर दाट झाडं लावणं म्हणजे त्याच्या डोळ्यांपुढे भिंत बांधायची आणि कावळ्याला टेहळणीचा बुरूज. पण माळढोकाला आता कोण विचारणार. विचारायला आधी तो सापडायला हवा.

कार्यक्रमाच्या कडेला एक धनगर मेंढरं थोपवून उभे होते.

"सायेब, हितं झाडं कशापायी?"

"सावलीसाठी, मामा."

"मेंढरू काय सावली खातंय व्हय?"

मी ध्वनिक्षेपकाकडे लक्ष असल्यासारखं केलं.

तेवढ्यात डोक्यावर टिटवीची जोडी कलकलाट करत फिरू लागली. पाहुणे म्हणाले, "बघा, पक्षीसुद्धा आनंदानं गातायत." मी वाकून शोधलं. खड्ड्याच्या फक्कीच्या खुणेपासून हातभर अंतरावर चार अंडी होती, खड्यांच्याच रंगाची, निमुळती टोकं आत करून मांडलेली. मी शेजारी छत्री उघडून ठेवली. फोटोवाल्याने चौकटीत येते म्हणून ती उचलून माझ्या हातात दिली. शेवटी जेसीबीवाल्यानेच काय ते पाहिलं, बकेट वर घेतली आणि तो खड्डा गाळून पुढे गेला. अख्ख्या समारंभात अधिवास वाचवणारा तेवढा एकच इसम, आणि त्याला हार नव्हता. अहवालात खड्डे पाचशेच आहेत.

खरा इलाज इतका साधा की सांगायची लाज वाटते. खरवडलेल्या भागावर आधी थोडी माती परत आणायची. दिवाळीनंतर चांगल्या अर्ध्यातलं पिकलेलं गवत बियांसकट कापून वाईट अर्ध्यावर पसरायचं. दोन-तीन वर्षं गुरं आवरायची, गाजरगवत फुलण्याआधी उपटायचं. बाकी वाट बघायची. वाट बघणं कोणत्याही अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाखाली बसतं, ते कुणी सांगितलं तर उपकार होतील.

दिवाळीनंतर मी एकटाच गेलो. पाचशेतले बरेच खड्डे आपसूक रिकामे झाले होते; गुलमोहराची एक काठी पाटीसकट उभी होती. माळ पिवळाधमक. घरी आलो तर मोज्यांत कुसळंच कुसळं. त्यांतलं एक बशीत ठेवून वर पाण्याचे दोन थेंब टाकले. ओली झालेली शेपटी हळूहळू वळवळू लागली आणि बी गिरमिटासारखं फिरलं. पहिल्या पावसात ते असंच स्वतःला जमिनीत पेरून घेतं. खड्डा नको, मांडव नको. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्यात आपली हयात जाते. हातात धरून ते कधी पाहिलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तेच मोजे घालून पुन्हा माळभर हिंडलो आणि मग मुरमाच्या खड्ड्यात जाऊन बसलो. एकेक कुसळ उपटून दगडांच्या फटीत टाकलं. एकूण लागवड तेवीस. उपस्थिती एक. चहा स्वखर्चाने.