स्ट्रीमबुवा

“अख्खी फाइल मेमरीत घेतलीस?” हा प्रश्न स्ट्रीमबुवा ज्या सुरात विचारतात, त्या सुरात जुन्या घरांतल्या आज्या “एक चूल पेटवायला दोन काड्या?” असं विचारायच्या. समोर उभा असलेला पोरगा नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. त्याच्या लॅपटॉपात १६ जीबी रॅम, आणि त्याने उघडलेली एक्सएमएल फाइल ४० केबीची. तिच्यात खिडकीची रुंदी, उंची आणि फॉन्टचं नाव, एवढाच ऐवज. पण बुवांचा आकड्यांशी वाद नसतो. प्रश्न तत्त्वाचा असतो.

डेस्कटॉप सॉफ्टवेअर करणाऱ्या, म्हणजे अजून ज्यांच्या तोंडी ‘इन्स्टॉल’ हा शब्द आहे अशा कंपन्यांत हे बुवा हमखास आढळतात. समोर त्यांना ‘सर’ म्हणतात, पाठीमागे बुवा. पहिल्या नोकरीत त्यांच्या मशीनला ६४ एमबी रॅम होती आणि त्यानंतर जगात रॅम वाढली, हे त्यांना कोणी अधिकृतपणे कळवलेलं नाही.

एक्सएमएल वाचायच्या दोन तऱ्हा. डॉमवाले अख्खी फाइल एकदाच ओढून घेतात, तिचं मेमरीत झाड करतात आणि मग या फांदीवरून त्या फांदीवर निवांत हिंडतात. ते झाड मूळ फाइलच्या कितीतरी पट जागा खातं. स्ट्रीमवाला एका वेळी एकच तुकडा मागतो: टॅग उघडला, मजकूर आला, टॅग मिटला. गेलं ते गेलं. क्यूटी या प्रोग्रॅमिंग लायब्ररीतल्या स्ट्रीम रीडरला ‘रीडनेक्स्ट’ अशी आज्ञा आहे. ‘मागचं वाच’ अशी आज्ञाच नाही, आणि बुवांच्या मते त्याचं सगळं मोठेपण त्या नसलेल्या आज्ञेत आहे.

त्याआधीचा सॅक्स या वाचनपद्धतीचा जमाना बुवांनी भोगलाय. सॅक्स १९९८ सालचं, एक्सएमएलच्याच जन्मवर्षातलं. त्यात पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा, मालक आणि तुम्ही नोकर. तो हाक मारील तेव्हा धावायचं. २००७ साली क्यूटी ४.३ बरोबर स्ट्रीम रीडर आला आणि हाक मारण्याचा हक्क बुवांकडे आला. सॅक्सच्या काळातली एक कथा ते प्रत्येक नवशिक्याला ऐकवतात. हिशेबाच्या फाइलीत ‘जोशी & सन्स’ असं नाव असलं, तर एक्सएमएलमध्ये ते मधलं चिन्ह तसंच लिहिता येत नाही, त्याऐवजी ‘अँप’ची खूण घालावी लागते. आणि अशा खुणेपाशी सॅक्स पार्सर पुष्कळदा मजकूर तोडून देतो. आधी ‘जोशी’, मग ते चिन्ह, मग ‘सन्स’. तुकडे जोडून घेणं आपलं काम. ज्याला हे ठाऊक नाही तो शेवटचा तुकडा तेवढा धरून ठेवतो.

“खतावणीत सगळ्या पार्ट्यांची नावं ‘सन्स’,” बुवा सांगतात. “बाप एकाचाही नाही.”

इथपर्यंत ठीक. पण रीडरशी इतकी वर्षं संसार केल्यावर माणूस रीडरसारखाच ऐकायला लागतो. कँटीनमध्ये एकजण सांगत होता, “परवा साताऱ्याला गेलो, मावसभावाकडे, ज्याची बायको पोस्टात आहे तो, तर तिला आता बढती मिळाली, त्यामुळे तो खूश. चला, चहा घेऊ.” सगळे उठले. बुवा बसून. “पोस्ट मिटलं, मावसभाऊ मिटला,” ते म्हणाले, “सातारा अजून उघडं आहे.”

अर्धवट राहिलेल्या बोलण्यावर मात्र त्यांचा राग नाही. मध्येच फोन आला आणि तुम्ही वाक्य तोडून बाहेर गेलात, तरी ते शांतपणे थांबतात, कारण दस्तऐवज अपुरा राहणं ही स्ट्रीम रीडरच्या लेखी क्षम्य चूक आहे. उरलेला डेटा आला की वाचन तिथूनच पुढे सुरू. अक्षम्य काय, तर आतलं मिटायच्या आधी बाहेरचं मिटवणं. वेडंवाकडं एचटीएमएल ब्राउझर गोड मानून घेतो. एक्सएमएलचा नियम असा की असा दोष सापडला की तिथेच थांबायचं. बुवांनी एका लग्नात भाषण करणाऱ्या काकांना याच नियमाने अर्ध्यावर सोडून दिलं आणि ते जेवायला गेले.

‘झालं’ या उत्तरावर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यालाही कारण आहे. रीडरला ‘ॲटएंड’ विचारलं, तर फाइल नीट संपली तरी तो हो म्हणतो आणि चूक येऊन वाचन अडलं तरी हो म्हणतो. म्हणून नंतर ‘हॅजएरर’ वेगळं विचारावं लागतं. मुलगा घरी येऊन “पेपर संपला” म्हणाला की बुवा विचारतात, “लिहून संपला की अडून?”

आता गुपित. बुवांचा कोड एकदा उघडून पाहावा. वर पाटी: मेमरी वापरत नाही. खाली बुलियनांची रांग: आपण व्हाउचरच्या आत आहोत का, लेजरच्या आत आहोत का, मागची पार्टी कोणती होती. त्याखाली एक स्टॅक, त्याखाली मॅप, आणि ‘नंतर लागेल’ अशा नावाची एक यादी. पोरगा भीत भीत म्हणाला, “सर, हे झाडच झालं की.”

“झाड नाही. स्टेट आहे.”

व्हाउचर वर आणि त्यातल्या खात्याचं नाव फाइलीच्या तळाशी, असं निघालं तेव्हा बुवांनी फाइल सरळ पहिल्यापासून पुन्हा वाचली. मागे न जाण्याच्या व्रताचं काय, असं कोणी विचारलंच. “मागे कुठे गेलो? दुसऱ्यांदा पुढे गेलो.”

एवढं सगळं असूनही त्यांना हसणारे एका कामात गप्प झाले. नेट नसताना विकिपीडिया वाचता येईल असं ॲप हवं होतं. विकिमीडिया सगळे लेख एक्सएमएलमध्ये देते. इंग्रजी विकिपीडियाची ती फाइल उलगडली की ५० जीबीच्या बरीच पुढे जाते. डॉमवाल्या पोरांनी ती घेतली, पंखा घोंघावला, माऊस थिजला, आणि शेवटी मशीनचं बटण दाबून धरावं लागलं. बुवांनी लेखामागून लेख वाचला, नको ते ‘स्किपकरंटएलिमेंट’ने सोडून दिलं. टास्क मॅनेजरमधली मेमरीची रेघ सपाट. ती दाखवायला त्यांनी अकाउंट्सच्या बाईंनाही बोलावून आणलं होतं.

फक्त मॅनेजरना प्रोग्रेस बार हवा होता. फाइल दाबलेलीच वाचली जात होती, उलगडल्यावर किती निघेल ते कुणास ठाऊक. दाबलेल्या फाइलीतले किती बाइट सरले यावरून टक्का काढता आला असता, पण बुवा अंदाजाला टक्का म्हणायला तयार होईनात.

“अहो, किती राहिलं ते तरी सांगा!”

“शेवटचा टॅग आला की सांगतो.”

तडजोड म्हणून त्यांनी बारची किमान आणि कमाल, दोन्ही शून्य केली. तसं केलं की क्यूटी टक्के दाखवत नाही, नुसता एक पट्टा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे हलत राहतो. बुवांच्या सबंध कोडमध्ये मागे जाणारी गोष्ट ती एकच.