हलकी चाकं: निवड, खरेदी आणि सराटा

सदर मार्गदर्शन तीर्थपुरी आणि पंचक्रोशीतल्या त्या मोजक्या मंडळींसाठी आहे, ज्यांच्याकडे गिअरची सायकल आहे, खिशात थोडे पैसे आहेत आणि या दुसऱ्या गोष्टीची घरात कुणाला कल्पना नाही. बाकीच्यांनी वाचलं तरी हरकत नाही. मात्र वाचून झाल्यावर वरील मंडळींच्या घरी चहाला जाऊ नये.

सर्वप्रथम आपला खेळ कोणता, हे समजून घ्यावं. क्रॉस-कंट्री म्हणजे कच्च्या वाटेवर चढ-उतारांच्या फेऱ्या मारत लावलेली सायकलींची शर्यत. 1996 च्या अटलांटा स्पर्धेपासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. तिच्यासाठी लागणाऱ्या सायकलीला माउंटन बाइक म्हणतात आणि तीर्थपुरीकराची पहिली अडचण इथेच उभी राहते. घनसावंगी तालुक्यात माउंटन नाही. गोदावरीच्या अंगाची सपाट काळी जमीन, तिच्यात ऊस, कापूस, मोसंबी आणि पुन्हा ऊस. डोंगर म्हणून बोट दाखवायचंच झालं तर अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे दाखवावं लागतं, आणि तिथे चप्पल काढून चढायची रीत आहे. सायकल खांद्यावर घेऊन चढणाऱ्याने काय काढायचं, याबद्दल शास्त्रात काही नाही.

खचून जाऊ नये. जायकवाडीचा पैठण डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे आणि तो अंबड-घनसावंगीच्या शिवारातून पुढे परभणीकडे जातो. कालव्याकडेचा कच्चा रस्ता हा पाटबंधारे खात्याने नकळत बांधून ठेवलेला क्रॉस-कंट्री मार्गच म्हणायचा. मुरूम आहे, खड्डे आहेत, मोऱ्यांपाशी बेताचे चढ-उतार आहेत, आणि वळणावर म्हैस आहे. ऑलिंपिकवाल्यांना हा शेवटचा अडथळा अजून सुचलेला नाही.

आता चाकं हलकी कशासाठी? तर सायकल पळते तेव्हा फ्रेम नुसती पुढे जाते. चाक पुढेही जातं आणि फिरतंही. म्हणून रिम-टायरच्या कडेला वाचवलेलं वजन वेग घेताना दुप्पट मोजलं जातं. हे वाक्य पाठ करावं. एवढ्याशा वजनापायी एवढा खर्च कशाला, असं कुणी विचारलं की ते म्हणून दाखवावं आणि लगेच पावसाचा विषय काढावा. कारण समोरचा गणिताचा मास्तर निघाला तर पुढचा हिशेब तो स्वतः करील. स्वार 70 किलो, सायकल 14 किलो, एकूण 84. चाकांत अर्धा किलो वाचला, तो दुप्पट धरला तरी एक किलो. 84 मध्ये एक म्हणजे सव्वा टक्क्याच्याही आत, आणि तेही फक्त वेग घेताना. एकसारख्या चालीने चढ चढताना दुप्पट-बिप्पट काही नाही. अर्धा किलो तो अर्धाच. निघण्यापूर्वी अर्धा लिटर पाणी कमी प्यायलं तरी इतकंच वजन वाचतं आणि त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही.

साध्या गिअरच्या सायकलीला कारखान्यातूनच लागून येणारी चाकांची जोडी बहुधा सव्वादोन किलोच्या आगेमागे भरते. बरी ॲल्युमिनियमची जोडी 1,600 ते 1,800 ग्रॅममध्ये बसते. कार्बनची 1,400 च्याही खाली उतरते, आणि ती पाहताना माणसाचा रक्तदाब उलट दिशेला जातो. कीथ बाँट्रेगर हे अमेरिकेतले जुने सायकलकार. मजबूत, हलकं आणि स्वस्त या तिन्हींपैकी कुठलेही दोनच गुण मिळतील, असं त्यांनी ग्राहकांना केव्हाच सांगून ठेवलंय. तीर्थपुरीत त्यांतला स्वस्त हा गुण माणूस घरातून निघण्यापूर्वीच निवडला गेलेला असतो. उरल्या दोहोंतून एक.

किंमत रुपयांत मोजू नये, जीव घाबरा होतो. उसात मोजावी. केंद्र सरकारने 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, ठरवला, म्हणजे टनाला 3,550. तीस हजारांची जोडी म्हणजे साधारण साडेआठ टन ऊस, तोडणी-वाहतूक कापण्याआधीचा. थोडक्यात, साडेआठ टन देऊन अर्धा किलो कमी करून आणायचा. हे गणित ट्रॉलीमागे अडकलेलं असताना करू नये, कारण समोर तेवढा ऊस दिसत असतो आणि माणूस भावनाविवश होतो. घरी किंमत विचारली तर एका चाकाची सांगावी. ते खोटं नाही. पुढचं चाक मागच्यापेक्षा स्वस्त असतं, म्हणून पुढच्याची सांगावी.

पैसे ठरले की मापं. इथे पत्रिका जुळवण्याइतकाच चिवटपणा लागतो, फक्त लग्नात 36 पैकी 18 गुणांवर भागतं, इथे एक जरी चुकला तरी वरात दारातून परत. आधी व्यास. टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत एक आकडा असतो: 559 म्हणजे 26 इंची, 584 म्हणजे साडेसत्तावीस, 622 म्हणजे एकोणतीस. पूर्वी बहुतेक सगळे 26 इंचीच वापरायचे. पण 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुलहावीने 29 इंचीवर सुवर्ण जिंकलं आणि जगाने माप बदललं. आपल्या फ्रेमने बदललेलं नाही. 26 च्या फ्रेममध्ये 29 चं चाक हट्टाने बसवायला गेलात तर ते आत तरी जाणार नाही, नाहीतर फिरणार तरी नाही. काका वापरतात ती काळी रॉड-ब्रेकची सायकल 28 इंची म्हणतात, तिचा खरा आकडा 635. म्हणजे नावाने ती 29 पेक्षा लहान आणि रिमने मोठी. याचं कारण विचारू नये. सायकलच्या जगात असंच चालतं.

मग हब. पुढची रुंदी 100 मिलिमीटर की 110, मागची 135, 142 की 148. दांडा साध्या खटक्याचा की आरपार जाणारा. डिस्क सहा स्क्रूंची की मधल्या एका नटाची. आणि सगळ्यात मोठी मेख मागच्या हबमध्ये. स्वस्त सायकलीला हबच्या आट्यांवर फ्री, म्हणजे मागची दातेरी चाकं, आवळलेली असते. हलक्या चाकांना ती बसत नाही, त्यांना कॅसेट लागते. कॅसेट आली की चेन आली, चेनमागून कधी कधी गिअर बदलणारा खटकाही येतो. अशा रीतीने चाकं घ्यायला गेलेला माणूस हळूहळू नवी सायकल घेऊन परततो, फक्त सुट्या भागांत आणि दीडपट किमतीत.

यापुढचा भाग दुकानात शिकवत नाहीत. तो सराट्याचा आहे.

सराट्याचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येकाला दोन टणक काटे असतात. तुकडा कसाही पडो, एक काटा वर बघतोच. ज्याने हे बनवलं त्याला टायर लवकर निघणार आहेत याची पूर्वसूचना असावी. कालव्याच्या कडेला वर वेडी बाभूळ, खाली सराटा. बाभळीचा काटा लांब आणि सरळ, सराट्याचा आखूड पण संख्येने अमाप. अशा मुलखात हलकं टायर आणि कागदासारखी पातळ ट्यूब घालून निघणाऱ्याने घमेलं, सोल्युशन आणि कानस कॅरिअरवर बांधून न्यावं. एवढ्या ओझ्यात वाचवलेला अर्धा किलो कुठे गेला, हे पाहायला मागे वळू नये.

उपाय आहे, आणि तो खरा आहे: ट्यूबलेस. रिम त्यासाठीची हवी, आत तारांच्या भोकांवर टेप हवी आणि टायरमध्ये दुधासारखं रबरी द्रावण. 29 इंची रुंद टायरला प्रत्येकी शंभरेक मिलिलिटर पुरतं. काटा घुसला की द्रावण भोकाकडे धावतं आणि तिथेच गोठतं. काटा लगेच उपटायची खोड असलेल्यांनी उपटून पाहावा. फुस्स होतं, पांढरा शिंतोडा पायजम्यावर उडतो आणि चाक दोन-चार फेऱ्या फिरवलं की आवाज बंद होतो. लहान भोकांपुरतं हे इतकं चोख चालतं की सराट्यावर रागच उरत नाही. मात्र द्रावण सुकतं. कंपन्या काही महिने सांगतात, पण एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सायकल पत्र्याच्या शेडमध्ये असते, हे कंपन्यांना कुणी कळवलेलं नाही. उन्हाळ्यात महिन्याला एकदा चाक कानाशी हलवून पाहावं. आतून खळखळ ऐकू आली नाही तर द्रावण ओतावं.

हवेचं सांगतो. हलक्या रिमला व्हॉल्व्हचं भोक बारीक असतं आणि त्यात बारीक तोंडाचाच व्हॉल्व्ह बसतो. ट्रॅक्टरचे टायर पाहणाऱ्या दुकानात कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड मोटारसायकलचं. पितळी जोड घेऊन जावं, करंगळीच्या पेरापेक्षा लहान वस्तू आहे. खिशात ठेवली की धुण्यात जाते, म्हणून किल्ल्यांना लावावी. आणि नळी हातात धरलेल्या पोराला आधीच बजावावं: सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबलेसमध्ये 20 ते 25 पौंड हवा पुरते. तो मोटारसायकलच्या सवयीने दीडपट भरणार आणि वर म्हणणार, “भाऊ, टाइट करून दिली.”

तारांसाठी सायकलवाल्या मामांकडे जावंच लागतं. बैलगाडीच्या चाकात आरा तुंब्याखाली उभा राहून भार पेलतो. सायकलची तार उलट ताणून ओढलेली असते, आणि ताण सगळीकडे सारखा नसला की चाक आऊट होतं. आऊट काढणं ही कला आहे. मामा सायकल उलटी ठेवून, ब्रेकशेजारी खडू धरून, कुठल्याही यंत्राशिवाय ती करतात. त्यांना नव्या चाकाची तार दाखवताना संवाद साधारण असा होतो.

“मामा, ही बटेड तार आहे. टोकांना दोन मिलिमीटर, मधी एक पॉइंट आठ.”

“मधी झिजलेली दिसती.”

“झिजलेली नाही, मुद्दाम तशी केलीय. हलकी असती.”

“झिजल्यावर हलकीच व्हती की बाबा. किती पैशे दिले?”

इथे एका तारेची किंमत सांगावी.

पावसाळ्याची सूचना एका वाक्यात: वाफसा येईपर्यंत सायकल रानात नेऊ नये. ओली काळी माती टायरला चिकटते, फाट्यात साचते आणि चाक फिरायचंच थांबतं. त्या क्षणी रिम कार्बनची की लोखंडाची, हा प्रश्न मिटतो.

राहता राहिली एक बाब, जी अभ्यासाच्या दृष्टीने गैरसोयीची आहे. कालव्याच्या आणि पाणंदीच्या वाटांवर आपल्याआधी काही मुली रोज शाळेला जातात. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. 2022 मध्ये ती 3,500 वरून 5,000 रुपये झाली. म्हणजे आपल्या साडेआठ टनी जोडीत अशा सहा सायकलींची मदत निघते, चाकांसह. त्यांची रिम पोलादी, टायर जाड, समोर जाळीची टोपली, मागे दप्तर आणि दप्तरावर मैत्रीण. हेल्मेट घातलेला माणूस दिसला की त्या घंटी वाजवतात आणि पुढे निघून जातात. त्यांच्या चाकांचं वजन विचारायला जाऊ नये. त्या “कामून?” म्हणतील आणि आपल्याकडे उत्तर नसेल.

तर निकाल असा. सायकल फ्रीवाली असेल तर चाकं बदलू नका. तारेच्या कडेचे टायर काढून घडीचे चांगले टायर घाला, साडेआठ टनांच्या एका अंशात बरंचसं वजन तिथेच वाचतं, आणि मामांकडून आऊट काढून घ्या. कॅसेटची सायकल असेल आणि हौस आवरत नसेल, तर ॲल्युमिनियमची, ट्यूबलेस चालणारी, आतून 25 ते 30 मिलिमीटर रुंद रिम घ्या. तारा 32, निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचे निपल काही ग्रॅमनी हलके असतात आणि कोपऱ्यांत झिजून मामांच्या पान्यात नुसते फिरतात. तारा मानेपाशी वाकलेल्या साध्या घ्या. सरळ मानेची तार तुटली तर तीर्थपुरीतच काय, जालन्यातही शोधत बसाल. चार तारा जास्तीच्या मागवा, त्यांची लांबी वहीत लिहून ठेवा. पंप मात्र दोन्ही तोंडांचा घ्या. त्या मुलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह वेगळा असतो, आणि सराटा त्यांनाही लागतो.