आक्षेपवाले काका

निवृत्त झाल्यावर शिक्षक शिकवायचं थांबवतात, कंडक्टर तिकिटं फाडायचं थांबवतो. ऑडिटरचं तसं नसतं. मेलबर्नच्या क्रेगीबर्न उपनगरातले आमचे सांगलीकर काका स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण इंडियन ग्रोसरीतून बाहेर पडले की फुटपाथवर उभं राहून बिल तपासतात. बस-ट्रेनच्या मायकी कार्डातून किती डॉलर गेले याची वही आहे. मुलाकडे कायमचे राहायला आले तेव्हा सुनेच्या फ्रिजवर चिकटवलेल्या किराणा यादीतही त्यांनी तीन आक्षेप काढले होते म्हणे.

असा माणूस संमोहनाला तयार झाला, तो पोटामुळे. जेवलं की गुबारा, सकाळी मुरडा, मधल्या वेळात चिंता. सगळ्या तपासण्या झाल्या, आतड्यात काही सापडलं नाही. डॉक्टर म्हणाले, आतडं आणि मेंदू यांच्या बोलण्यात गोंधळ आहे. मग मोनॅश विद्यापीठात तयार झालेल्या एका सुप्रसिद्ध आहाराची यादी हातात आली. कांदा वर्ज्य, लसूण वर्ज्य, गहू वर्ज्य, राजमा-हरभऱ्याला जपून. "कांदा-लसूण आमच्याकडे चातुर्मासात सोडतात," काका म्हणाले, "पण त्याचं पुण्य तरी मिळतं." काही आठवड्यांनी एकेक पदार्थ परत घेऊन बघायचा असतो, हे ऐकायला ते थांबलेच नाहीत.

मग मुलाने दुसरा मार्ग सांगितला. मेलबर्नमध्येच २०१६ साली ७४ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काहींना हा आहार, काहींना पोटासाठीचं संमोहन, काहींना दोन्ही. तिन्ही गटांत साधारण ७० टक्क्यांच्या वर लोकांना आराम पडला. काकांचं बोट लगेच तिसऱ्या गटावर. "दोन्ही करून जादा फायदा शून्य. म्हणजे दुहेरी खर्च." आणि मग, अर्थातच, "हे संमोहन करणाऱ्याची नोंदणी दाखव."

इथे मात्र काका बरोबर होते, हे मान्य करायला हवं. ऑस्ट्रेलियात डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ यांची सरकारी नोंदणी असते. नुसत्या 'हिप्नोथेरपिस्ट'ची नसते. तशी पाटी कुणीही लावू शकतो. म्हणून मुलाने नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ शोधली, आणि काका वहीसकट तिच्या खुर्चीत बसले. सोबत काकू.

"डोळे मिटा. एक नदी संथ वाहते आहे. तसंच तुमचं पोट, सुरळीत."

पोटासाठीचं संमोहन जिथे सुरू झालं, त्या मँचेस्टरच्या रुग्णांना हे रूपक चालत असेल. सांगलीच्या माणसाला नदी म्हटलं की २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवतो. काकांनी एक डोळा उघडला. "पातळी किती?"

"कसली पातळी?"

"आयर्विन पुलाला ४५ फुटांवर धोका असतो. नदी वाहते एवढंच सांगून कसं चालेल?"

त्या दिवशी पोट आणखी बिघडलं. बाई मात्र हुशार निघाल्या. पुढच्या खेपेला म्हणाल्या, नदी राहू दे, तुम्हाला शांत वाटतं अशी जागा तुम्हीच सांगा. काकांनी ३१ मार्चनंतरचं ऑफिस सांगितलं, सगळ्या फायली बंद, दोरीने बांधलेल्या.

मी गंमत म्हणून त्यांना आबे फारियाची गोष्ट सांगितली. गोव्यातल्या कांदोळीचा, जन्म १७५६ चा. पॅरिसमध्ये १८१३ पासून त्याने संमोहनाचे प्रयोग लोकांना दाखवले आणि ठामपणे सांगितलं की किमया झोपवणाऱ्यात नाही, झोपणाऱ्याच्या मनात आहे. पॅरिसने त्याची नाटकातून टवाळी केली. पणजीत त्याचा पुतळा आहे, पुढे पडत्या बाईवर हात पसरलेला. काकांनी तो सहलीत पाहिला होता. कुणी फादर रागावतोय असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. गोष्ट संपल्यावर ते गंभीर झाले. "किमया माझ्या मनात असेल, तर फी त्या बाई कशी घेतात?"

घरी रोज रात्री रेकॉर्डिंग ऐकायचं. काका वही घेऊन ऐकत, बाईंनी कुठे एकच वाक्य दोनदा म्हटलं ते टिपत. शेजारी काकू तिसऱ्या वाक्याला गाढ झोपत. संमोहन म्हणजे झोप नव्हे, असं बाईंनी बजावलं होतं. काकूंना तो भेद मान्य नव्हता. आयुष्यभर काकांचं बोलणं कानावर पडू देण्याचा सराव असल्याने, खरोखर ऐकण्यासारखं काही आलं तर त्या चटकन ऐकत.

काकांचं सत्र एकदा लवकर आटोपलं तेव्हा काकूंनी हळूच विचारलं, बसमध्ये एकटीने बसायची भीती जाईल का? चुकीच्या स्टॉपवर उतरले तर इंग्रजीत कुणाला काय विचारू, या धास्तीने त्या कुठे जातच नसत. बाईंनी डोळे मिटायला लावून तो सगळा प्रवास मनातल्या मनात करवला, घाबरणं आणि सावरणं यांच्यासकट. मग अर्ध्या रस्त्यापर्यंत खरोखर, सुनेबरोबर. मग एकटीने. आता काकू आठवड्यातून दोनदा बसने क्रेगीबर्न सेंट्रल मॉलला जातात, कॉफी पितात, नि काकांना न सांगता परत येतात. काकांची तक्रार वेगळीच: "त्या दहा मिनिटांची पावती नाही."

गणपतीला आमच्याकडे आले तेव्हा कांदाभजी होती. मी सवयीने त्यांच्यासाठी बटाट्याची वेगळी केली होती. काकांनी कांद्याची घेतली. मग पुन्हा घेतली. जेवणात लसणीची चटणी. रात्री उशिरापर्यंत गप्पा मारत बसले. पोटावर हात एकदाही गेला नाही.

"काका, म्हणजे संमोहनाने फरक पडला म्हणायचा?"

"छे. इकडचं पाणी हलकं आहे."

"पाणी तर पहिल्यापासून तेच पिताय," काकू म्हणाल्या.

काकांनी चष्मा सारखा केला. "त्यावर आक्षेप काढून ठेवलाय. पोटाकडून अनुपालन आलं की बघू." आणि उरलेल्या भजीसाठी ताट पुढे केलं.