चौदाखालचे तात्या

लग्न जमवायच्या बैठकीला गावातल्या कुणालाही बोलवावं, तात्यांना बोलवू नये, हे आमच्या गावाने २०२२ साली शिकून घेतलं. नवरा मुलगा शेजारच्या गावचा, चाकणला कंपनीत, अंगात नवाकोरा शर्ट. मध्यस्थाने वय सांगितलं, सव्वीस. पोह्यांच्या बशा फिरत होत्या. तात्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि मुलाकडे निरखून पाहिलं.

"सव्वीस म्हंजे जन्म शहाण्णवचा. म्हंजे २००७ ला ह्यो अकरा वर्सांचा. आणि २००७ ला आमच्या चौदाखालच्या स्पर्धेतनं ह्याला मीच भायेर काढलाय गा! कशापायी? तर सकाळी दाढी करून आलता. अकराव्या वर्सी दाढी करनारा मानूस मी तरी अजून बघितल्याला न्हाई."

मुलाचा हात आपोआप हनुवटीवर गेला. तेवढ्याने सिद्ध झालं. लग्न झालं, नाही असं नाही. मुलीच्या बापाला चार-पाच वर्षांपेक्षा चाकण मोठं वाटलं. पण त्या दिवसापासून गावात सुपारी फुटेपर्यंत तात्यांना सुगावा लागू देत नाहीत.

तुमच्या गावात फुटबॉल असेल तर तात्याही असणारच. क्लबचे सेक्रेटरी. कधीपासून, ते क्लबलाही आठवत नाही. हा माणूस स्वतः कधी धड खेळलेला नसतो, पण फक्की मारण्यापासून रेफ्रीचा चहा सांगण्यापर्यंत सगळं त्याच्याच अंगावर असतं, आणि आपल्याशिवाय मैदानावर गवतसुद्धा उगवणार नाही अशी त्याची पक्की समजूत असते. (गायरानातल्या आमच्या मैदानावर ते तसंही उगवत नाही.) कोल्हापूरच्या पेठांचा फुटबॉल सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या तालमी, शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध शिवाजी सामन्याला होणारी शहराची दोन शकलं, यावर पुष्कळ लिहून झालंय. पण गडहिंग्लजकडचं वेड त्याहून तसूभर कमी नाही. इथे दिवाळीत माणसं फराळाचं ताट अर्धं टाकून एम. आर. हायस्कूलच्या मैदानाकडे पळतात. त्या वेडाचे शिंतोडे आजूबाजूच्या खेड्यांवर उडाले, त्यातला एक आमच्या गावावर पडला आणि नेमका तात्यांच्या डोक्यावर.

आता फुटबॉलवेड्या माणसाने गोल बघावेत, पास बघावेत. तात्या वरचा ओठ बघतात. मिसरूड फुटलंय का, गळ्याची घाटी वर आलीय का, पोटरीवर केस किती. दर जानेवारीत आमच्या क्लबची 'चौदा वर्षांखालील' स्पर्धा असते आणि तिची तयारी तात्या डिसेंबरात माझ्या जिवावर करतात. मी इथल्या हायस्कुलात मास्तर. पेपर तपासत बसलो की तात्यांची लुना फाटकात फटफटते. "मास्तर, जनरल रजिस्टर काढा बघू." बोनाफाईड त्यांना चालत नाही, जन्मदाखला चालत नाही, आधार कार्डावर तर त्यांचा अजिबात विश्वास नाही. "कागद काय, कुनीबी देतंय. अंग खोटं बोलत न्हाई."

अंगाची परीक्षा मैदानाच्या कडेला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. आधी तोंड उघडून अक्कलदाढ. मग आवाज: पोराला मैदानाच्या पार टोकाला उभं करून 'बॉल!' म्हणून ओरडायला लावायचं. फाटलेला घसा निघाला की बाद. आणि शेवटी तोंडी परीक्षा, तिच्यात पोरं हमखास गळतात. तात्यांची कालगणना पुरांवर चालते. "२००५ च्या पुरात भडगावच्या पुलावर पानी आलतं, आठवतंय काय रं?" पोरगं बिचारं भाबडेपणाने म्हणतं, "व्हय तात्या, बाबांच्या खांद्यावर बसून बघितलतो." झालं! ज्या पोराच्या दाखल्यावर जन्म २००६ चा आहे, त्याने २००५ चा पूर खांद्यावर बसून बघितला. ट्रॉलीतून खाली. हल्ली २०१९ चा पूर चालू आहे. २०२१ चाही तात्यांनी राखून ठेवलाय, पुढच्या पिढीसाठी.

'फिफा'वाले सतराखालच्या स्पर्धांसाठी मनगटाचं एमआरआय काढतात, आणि आपल्याकडे भारतीय फुटबॉल महासंघ डाव्या हाताचा एक्सरे काढून हाडांवरून वय ठरवतो, हे मी तात्यांना एकदा मोठ्या हौसेने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आणि सुईन काय म्हन्ती?" त्यांच्या तज्ज्ञ समितीत आमच्या गावची म्हातारी सुईण होती. ती होती तोवर आसपासच्या पाच-सहा गावांतलं एकही पोर एक महिनाही चोरू शकलं नाही.

खरी कसोटी लागली ती जुन्या काळात, एक जूनच्या पोरांशी. ज्यांनी पहिलीत नाव घातलं त्या मास्तरांना सहा वर्षं पुरी दाखवायची होती, म्हणून अख्ख्या महाराष्ट्रात एका पिढीचा जन्म एक जूनला झालेला आहे. एका वर्षी एक संघ आला, त्यातली अकराच्या अकरा पोरं एक जूनची. तात्यांनी दाखले पत्त्यांसारखे हातात पसरले आणि त्या संघाच्या मॅनेजरला विचारलं, "येका दिवसात अकरा बाळातपनं? तुमच्या सुईनीला शिफ्ट हुती काय गा?" संघ घरी गेला. जाताना मॅनेजरने उलट विचारलं, "तात्या, तुमचा जन्म कवाचा?" तात्या काही बोलले नाहीत. ते स्वतः एक जूनचे. त्यांची आई सांगायची, तू दसऱ्याच्या पुढं झालास. कुठल्या दसऱ्याच्या, ते तिलाही आठवत नव्हतं. साखर कारखान्यात स्लिप बॉय म्हणून ते लागले आणि साठीला स्लिप बॉय म्हणूनच निवृत्त झाले, तेही एक जूनच्याच हिशोबाने.

या छंदापायी तात्यांनी गावात एकही मोठा माणूस मोठा राहू दिला नाही. स्पर्धेच्या उद्घाटनाला जिल्हा परिषदेचे माजी सदस्य आले, फेटा बांधला, नारळ फुटला. परिचय करून द्यायला तात्या माइकवर. "पाहुणे १९८९ ला आपल्याच चौदाखालच्या स्पर्धेत खेळले. १९९० लाबी चौदाखालीच खेळले. ९१ लाबी अर्ज आलता." पाहुणे हसले, कारण हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मयतीलाही तेच. कुणी म्हटलं, ऐंशी वर्षांचे होऊन गेले बिचारे, की मागून तात्यांचा खाकरा. "त्र्याऐंशी."

आणि २०१७ चा ऑक्टोबर. सतराखालचा विश्वचषक भारतात, संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव, ग्रामपंचायतीसमोर पडदा बांधलेला. कोलंबियाविरुद्ध आपण एकाने मागे. ब्याऐंशीव्या मिनिटाला जॅक्सनने कॉर्नरवर हेडर मारला. विश्वचषकात भारताचा पहिला गोल! गाव उड्या मारत होतं, कुणीतरी गुलाल आणला, आणि तात्या पडद्याला नाक लावून म्हणत होते, "त्यो नऊ नंबर बघा की! मांड्या बघा त्याच्या! सतराखाली असतोय व्हय ह्यो?" पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने गोल घातला. दीड-दोनशे माणसं सुन्न बसली. तात्यांना मात्र त्या गोलाने मनातून बरंच वाटलं असावं. "म्हटलं न्हवतं मी?" असं ते त्या रात्री दारोदार म्हणत फिरले. फिफाचं एमआरआय आणि आमची सुईण यांच्यात त्यांच्या लेखी तो निकाल लागला होता.

सरपंचांचं पोरगं बाद केलं तो किस्सा लांबवत नाही. पोरगं सोळाचं, दाखला संगणकावरून काढलेला, शिक्का ओला. तात्यांनी शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि तो अंगठा सरपंचांना दाखवला. पुढची दोन वर्षं गायरानावर ग्रामपंचायतीच्या खडीचे ढीग पडलेले होते आणि स्पर्धा शेजारच्या गावात, नांगरटीच्या रानात झाली.

एवढं सगळं करून तात्यांना मिळालं काय, असं मी मागे एकदा विचारलं, जरा चिडूनच. ते म्हणाले, "मास्तर, आपल्या पोरांना आयुष्यात येकदाच बरोबरीच्यांशी खेळाय मिळतंय. फुडं कोन बघतंय बरोबरी?" मी त्यांना रजिस्टर दिलं. पेपर रात्री तपासले.

खरं म्हणजे आता तपासायला पोरंच उरली नाहीत. सकाळी पिवळी बस येते आणि चौदाखालची पोरं गडहिंग्लजच्या इंग्रजी शाळांत घेऊन जाते. संध्याकाळी ती परत येतात ती शिकवणीच्या वेळेला. अठरावरची चाकण, गोकुळ शिरगाव, नाहीतर भरतीच्या तयारीत. गेल्या जानेवारीत आमच्या यजमान क्लबचीच दहा पोरं भरली. अकरावं मिळालं ते उसाच्या फडाकडेला.

बीडकडची टोळी उतरली होती. कोप्यांसमोर एक पोरगं अनवाणी पायाने चिंध्यांचा चेंडू नुसतं घोळवत होतं, आणि तीन पोरं त्याच्याकडून तो काढून घेऊ शकत नव्हती. स्लिप बॉय म्हणून उभा जन्म फडांतून फिरलेल्या तात्यांनी लुना थांबवली. दाखला? नाही. शाळा? गावाकडं आहे, पण गावाकडं राहतो कोण सहा महिने. आईला विचारलं, लेकरू कधीचं? ती म्हणाली, "दुष्काळाच्या साली. जनावरं घेऊन छावणीत होतो, तवा झालाय. शिमग्याला बारसं केलं छावणीतच."

सरपंचाच्या शिक्क्यावर अंगठा फिरवणाऱ्या माणसाने तिथल्या तिथे हिशोब केला: बारा-तेराचा दुष्काळ, छावण्या, शिमगा. वहीत लिहिलं, 'मार्च २०१३'. अक्कलदाढसुद्धा बघितली नाही. मी बघतच राहिलो. सामन्याच्या दिवशी समोरच्या संघाने हरकत घेतली, कागद कुठाय? तात्या म्हणाले, "त्याच्या आईनं सांगितलंय," आणि वही मिटली. त्यांच्या कारकिर्दीत असलं बेकायदेशीर वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच निघालं. पोरग्याने दोन गोल घातले. बूट दिले होते, ते त्याने अर्ध्यातच काढून फेकले.

अंतिम सामना रविवारी. शनिवारी फड संपला आणि टोळी रात्रीतच दुसरीकडे हलली. रविवारी पहाटे तात्यांनी लुना काढली, मला मागे बसवलं. थंडीत विचारत विचारत आम्ही फड गाठला. पोरगं मोळ्या बांधत होतं. मुकादम म्हणाला, न्यायचं नाही. "उचल घेतलीय बापानं त्याच्या नावावर. यंदा अर्धा कोयता धरलाय त्याला."

नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस अर्धा. म्हणजे हिशोबात तो गडी झाला होता.

जन्मभर तात्यांनी मोठ्यांना लहान म्हणून घुसताना पकडलं होतं. हे उलटं होतं, आणि याला त्यांच्याकडे ट्रॉली नव्हती, सुईणही नव्हती. ते नुसतेच म्हणाले, "चौदाखाली हाय त्यो."

"ते तुमच्या मैदानात," मुकादम म्हणाला.

सरकारचा आकडाही चौदाचाच, हे मी परतताना त्यांना सांगितलं. बालकामगारांचा १९८६ चा कायदा, त्याची २०१६ ची दुरुस्ती, सहा ते चौदा वयाला सक्तीचं शिक्षण. आणि घरच्या धंद्यात मुलाने शाळेबाहेरच्या वेळात हात लावला तर चालतो ही मधली फट. तात्यांनी लुना रस्त्याच्या कडेला थांबवून सगळं नीट ऐकलं. अंतिम सामना आम्ही दहा पोरांनिशी हरलो, त्याविषयी मात्र ते चकार शब्द बोलले नाहीत.

या हंगामात धुराडं पेटल्यापासून तात्या एक दोनशे पानी वही घेऊन कोप्या-कोप्यांतून हिंडतायत. पोराचं नाव, आईचं नाव, जन्म. पूर, दुष्काळ, छावणी, लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते साल, कुणाची निवडणूक. बायकांना वाटतं, सरकारी माणूस आहे, काहीतरी मिळेल. "काय मिळंल हो दादा?" "फुटबॉल," तात्या म्हणतात. वहीतली नावं सुवाच्य करून घ्यायला रोज संध्याकाळी माझ्याकडे येतात. डिसेंबरचा उपद्व्याप आता ऑक्टोबरातच सुरू होतो.

टोळी तीच आली. मुकादम यंदा शहाणा होऊन आला होता. वही बघताच त्याने खिशातून कार्ड काढलं, नवंकोरं, त्याच पोराचं. वय अठरा पूर्ण. तात्यांनी चष्मा पुसला, जन्मतारीख वाचली.

"येक जून!"

मग पोराची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं, जबडा उघडला, आत पाहिलं, आणि मुकादमाला म्हणाले, "अक्कलदाढ कुठाय हो ह्याची? दावा की. न्हाई सापडत? बरं, ऱ्हाऊ द्या. गडहिंग्लजला मनगटाचा फोटू काढत्यात म्हनं, हाडावरनं कळतंय. पैसं माझं. मास्तर, तुमी हितंच थांबा मुकादमापाशी. पोरा, तू बस मागं."